चार देशांची गाडी

मुखो बंदर, दक्षिण कोरिया
१२ सप्टेंबर १९७७
(टपालाने)

प्रिय जॉमसुन,

आधी खाली बस आणि मग वाच. तुझ्या दादाने गाडी घेतली!

नवी नाही गं. सोलच्या एका दुकानदाराने कंटाळून विकली, कारण तिला कोणी गाडी म्हणायलाच तयार नाही. पुढून बघावी तर साहेबाची मोटार, मागून बघावी तर कुणीतरी पडवी काढून जोडल्यासारखी लांबलचक. पहिल्या दिवशी बंदरावर नेली तर मासेवाल्या बायकांनी विचारलं, "कोण गेलं?" त्यांना ती प्रेत न्यायची गाडी वाटली. दुसऱ्या दिवशी एका बाईने हात दाखवून थांबवली, तिला दवाखान्यात जायचं होतं. सोडलं बापडीला. पण सुक्या माशांचे गठ्ठे मागे असे बसतात की वहिनी म्हणते, ही आपल्यासाठीच जन्माला आली.

आपला तॉकबे मेकॅनिक (शाळेत तुझ्या वेणीला खेकडा बांधणारा, तोच) गाडीखाली शिरला आणि बाहेर येऊन म्हणाला, "मानगिल, हिची पत्रिका मांडायला चार ज्योतिषी लागतील. सांगाडा ऑस्ट्रेलियाचा, इंजिन जर्मनीचं, छातीवरचं नाव अमेरिकेचं, मागचा डबा बहुतेक इंग्रजांचा. आणि हे सगळं एकत्र ठोकलंय आपल्या इंचॉनकडच्या पोरांनी." आता ही बनवणंही बंद झालंय म्हणे. कोणी विचारत नाही, कोणी ओळखत नाही. मला तर तेच आवडलं.

आईने पूजा केल्याशिवाय चाक हलू दिलं नाही. बॉनेटवर डुकराचं मुंडकं, चारही चाकांवर तांदळाची दारू, आणि मागे स्टेपनीच्या खळग्यात पांढरा दोरा गुंडाळलेला सुका म्यॉंगथे. आपल्या गोदामात हाच मासा हजारोंनी लटकतोय, पण हा एक म्हणे डोळे उघडे ठेवून रस्त्यावरची पीडा बघत बसतो. त्याला हात लावायचा नाही.

एकच अडचण आहे. कार्बोरेटर गेलाय आणि तो इकडे कुठेच मिळत नाही. इंजिन तुझ्या जर्मनीचं, म्हणजे तुझं सासरच म्हण. बघ काही जमतंय का.

आपला धाकटा हाकसू बरा आहे. रोज गोदामात येतो.

तुझा दादा


एसेन
२ ऑक्टोबर १९७७
(टपालाने)

दादा,

सासर म्हणालास ना, मग सासरची तक्रार ऐक. रविवारची सुट्टी घालवून मी आणि पुनी (माझ्या खोलीतली, तेगूची) भंगारवाल्याकडे गेलो. म्हातारा म्हणाला, "कोरियात गाड्या असतात?" मी तुझा फोटो पुढे केला. त्याने चष्मा लावला, काढला, परत लावला आणि म्हणाला, "हिचं तोंड ओळखीचं आहे, पाठ ओळखीची नाही." मग आत जाऊन नेमका तुझा कार्बोरेटर घेऊन आला. मी त्याला म्यॉंगथे दिला. त्याने तो हुंगला आणि कुत्र्याला दिला. अडाणी!

खोकं पुनीने भरलं, तिला बांधाबांधीचा भारी सोस. विमानाने पाठवलंय.

माझी नोकरीची मुदत मार्चमध्ये संपते. मेट्रन म्हणते वाढव, पण मला आता रात्रंदिवस परक्या म्हाताऱ्यांची पाठ चोळायचा कंटाळा आलाय. मी येते. आणि स्टेशनवर मला ह्याच गाडीतून न्यायला यायचं. बायका "कोण गेलं?" म्हणाल्या तर मी खिडकीतून तोंड काढून "मी आले" म्हणेन.

जॉमसुन


मुखो
२२ ऑक्टोबर १९७७
(हातोहात. सिस्टर क्वाक सुट्टी संपवून एसेनला परत जातायत, त्यांच्या कोटाच्या अस्तरात.)

जॉमसुन,

वाचून झालं की जाळ. शौचकूपात टाकू नकोस, जाळ.

खोकं आलं. दोऱ्या जशाच्या तशा होत्या. तॉकबे आणि मी त्याच्या गॅरेजमध्येच उघडलं. तो पाना फिरवत विनोद करत होता. आत कागदांचे बोळे कोंबलेले. त्याने एक बोळा उलगडला, आपली लिपी बघून खूश झाला. "अरे, जर्मनीत पण आपला पेपर छापतात!" आणि मग त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. पहिल्या पानावर उत्तरेच्या पुढाऱ्याचा तो चेहरा होता. हसरा, पानभर.

ते उत्तरेचं वर्तमानपत्र होतं, जॉमसुन. माझ्या घरी, उत्तरेचं वर्तमानपत्र!

तुला तिकडे बसून कल्पना नाही. हाकसूची बोट धुक्यात सरहद्दीच्या रेषेपलीकडे गेली आणि उत्तरेच्या लोकांनी ती ओढून नेली. तिकडे तो वर्षभर अडकला, त्याची सुटका झाली. तू म्हणालीस, सुटला! इकडे आल्यावर आपल्याच लोकांनी त्याला किती महिने कोंडला आणि काय केलं ते मी तुला कधी लिहिलं नाही. त्याची डाव्या हाताची नखं अजून नीट आलेली नाहीत. आता दर सोमवारी त्याला ठाण्यात जाऊन हजेरी द्यावी लागते. साध्या कपड्यांतले पोलीस, पेक साहेब, आठवड्यातून एकदा आपल्याकडे चहा पिऊन जातात आणि घरात कोण नवं आलंय का ते बघायला दारातल्या चपला मोजतात. बाबा उत्तरेतून युद्धात बोटीने आले, एक मुलगा उत्तरेत राहून आला, मुलगी परदेशात. गाडीची पत्रिका चार देशांची आहे म्हणून आपण हसलो. आपल्या घराची पत्रिका पेक साहेबांच्या खिशात असते आणि तिच्यावर कोणी हसत नाही.

कागद सापडला हे कळवायचं, तर विचारतील आला कुणाकडून. तुझं नाव सांगावं लागेल. न कळवावं, तर तोही गुन्हाच. मी सगळे बोळे शेगडीत घातले. तॉकबेने कार्बोरेटर बसवला, पैसे घेतले नाहीत, माझ्याकडे बघितलंही नाही. दुसऱ्या दिवशी गॅरेजला कुलूप. सासुरवाडीला गेला म्हणे. मला वाटतं, तो माझी चहाडी करायला गेलाय. त्याला वाटत असेल, मी त्याची करीन. आम्ही दोघं एका ताटात जेवलेले, गं!

आणि एक. जाळण्याआधी मी पानं जुळवून बघितली. मधलं एक पान नाही. गॅरेज, अंगण, खोकं, सगळं पालथं घातलं. नाही म्हणजे नाही. तॉकबेनेच खिशात घातलं असेल का?

टपालाच्या पत्रात मी फक्त चांगलंच लिहीन. "आई भरपूर जेवते" असं लिहिलं, तर समज की पेक साहेबांनी काहीतरी हातात घेतलंय. तू काही विचारू नकोस. आणि मार्चमध्ये येण्याचं सध्या डोक्यातून काढ.

दादा


एसेन
२६ ऑक्टोबर १९७७
(टपालाने)

दादा,

किती दिवस झाले, पोचलं की नाही ते तरी कळव! पुनी रोज विचारते. तिने आत भरपूर कागद कोंबलेत, म्हणाली आपल्याकडे पोचेपर्यंत अंड्यासारखं राहील. आईला गाडीतून फिरवून आणलंस का? मी वहिनीसाठी लोकर घेतली आहे, येताना आणते. मार्चचं तिकीट बघायला सुरुवात केली.

जॉमसुन


एसेन
१२ नोव्हेंबर १९७७
(हातोहात. एक खाणकामगार कायमचा परत चाललाय, त्याच्याकडे.)

दादा,

सिस्टर क्वाकनी पत्र दिलं तेव्हा माझ्या हातात एका पेशंटचं बेडपॅन होतं. ते खाली ठेवून तिथेच वाचलं. तुझं पत्र जाळलं. आणि माझं ते टपालाचं पत्र, ज्यात मी वेड्यासारखी "भरपूर कागद" लिहून बसले, ते तोवर गेलेलं होतं. कुणी उघडून वाचलं असेल का? दादा, मला क्षमा कर. मी रोज मनात ते वाक्य खोडते.

पुनीला विचारलं. ती ढसाढसा रडली. ते पेपर इथल्या सगळ्या कोरियन मुलींना न मागता येतात, पूर्व बर्लिनमधल्या उत्तरेच्या वकिलातीतून. कोणाला पत्ते मिळतात देव जाणे. मी माझे न उघडता परत पोस्टात टाकते. पुनीला तेवढाही धीर नाही, पोस्टातला माणूस बघेल म्हणते. कचऱ्यात टाकावे तर होस्टेलच्या कचऱ्यात दुसरी कोणी कोरियन मुलगी बघेल आणि आपल्या वकिलातीत सांगेल. जाळावे तर खोलीत धूर होतो. म्हणून ती वर्षभर ते गादीखाली ठेवून त्यावर झोपत होती! खोकं भरायची वेळ आली तेव्हा तिला वाटलं, देशाबाहेर जातायत ना, बरं झालं. कुठल्या देशात जातायत हे तिच्या डोक्यातच आलं नाही. मी तिला मारलं, दादा. मग दोघी रडलो.

ती म्हणते सहा पानं होती, चुरगळून घातली. तू किती जाळलीस?

मी येते म्हटलं होतं. आता रात्री स्वप्नात किम्पोच्या विमानतळावर उतरते आणि तुम्ही कोणी न्यायला आलेले नसता. नुसती ती गाडी उभी असते, मागचा दरवाजा उघडा.

जॉमसुन


मुखो
२० नोव्हेंबर १९७७
(टपालाने)

प्रिय जॉमसुन,

आम्ही सगळे मजेत. थंडी पडली. गाडी उत्तम चालते, तुझे आणि तुझ्या मैत्रिणीचे आभार.

एक गंमत सांगतो. आपल्या ठाण्याचे पेक साहेब गाडी बघायला आले. वहीत लिहायला लागले. "गाडी कुठली?" मी म्हटलं, "कोरियाची, साहेब." "मग इंजिनावर हे कुठलं लिहिलंय?" "ते जर्मन." "आणि हे नाव?" "अमेरिकन." "आणि हे?" "ते ऑस्ट्रेलियाचं, साहेब." त्यांनी पेन बंद केलं. म्हणाले, "मानगिल, माणसाला एक जन्मगाव असतं. तुमच्याकडे कशालाच का नसतं?" सगळे हसलो. मग म्हणाले, कागदपत्रं नीट तपासायला हवीत, तोवर गाडी ठाण्यात राहू दे. मी आनंदाने किल्ली दिली. सरकारच्या उपयोगी पडतेय हा आपला मान आहे.

आई भरपूर जेवते.

दादा


एसेन
२९ नोव्हेंबर १९७७
(टपालाने)

दादा,

तुझं पत्र मिळालं. आई जेवते हे वाचून फार फार बरं वाटलं. मीही भरपूर जेवते. इथे बर्फ पडलंय. माझ्याकडून सगळ्यांना नमस्कार, पेक साहेबांनाही. आईला सांग, जॉमसुन रोज रात्री तिचं नाव घेऊन झोपते.

जॉमसुन


मुखो
३० नोव्हेंबर १९७७
(हातोहात. पाद्रीबाईंचा भाऊ जर्मनीला चाललाय, पण पुढच्या आठवड्यात. तोवर थोडं थोडं लिहितो.)

जॉमसुन,

खाणकामगार तुझं पत्र देऊन गेला. सहा पानं. मी पाच जाळली.

सहावं कुठे आहे ते कळलं. 

गाडी जाऊन आठ-दहा दिवस झाले होते. आई चुलीपुढे बसून कुरकुरत होती, "माझा मासा त्या पोलिसांच्या अंगणात गारठत असेल. बरं झालं, चांगल्या कागदात गुंडाळला होता." मी म्हटलं, "कुठल्या कागदात?" म्हणाली, "तू गॅरेजमधून खोकं आणलंस ना, त्याच्या तळाशी एक जाड पान चिकटलं होतं. गुळगुळीत, परदेशी. माशाला दव लागत होतं, म्हणून दोरा सोडून तो त्यात गुंडाळला आणि वरून परत दोरा बांधला. चित्र पण छान होतं, हसऱ्या बाप्याचं."

आईला अक्षर येत नाही. तिला इकडे आल्यापासून कोणी तो चेहरा दाखवलेला नाही. उत्तरेतून येताना तिने कडेवर तू आणि डोक्यावर मडकं एवढंच आणलं होतं.

म्हणजे ते पान आत्ता, मी हे लिहितोय तेव्हा, पोलीस ठाण्याच्या आवारात, आपल्या गाडीच्या पोटात आहे.

मी आईला काही सांगितलं नाही. वहिनीला सांगितलं. तिने माझे दोन गरम बनियन आणि मोजे फडक्यात बांधून दाराजवळ ठेवले. हाकसूलाही सांगावं लागलं. तो हसला. म्हणाला, "दादा, त्यांनी मारायला लागल्यावर लवकर कबूल कर. मी उशीर केला." मग गोदामात जाऊन मासे ओवत बसला. मला रडू आवरेना.

२ डिसेंबर

बातमी आली. गाडी तपासणीला वगैरे नाही. पेक साहेब तिच्यातून ठाण्यातल्या सगळ्यांच्या घरचा हिवाळ्यासाठी किमची मुरवायचा कोबी ओढतायत! खेपांवर खेपा. आपल्या गाडीच्या पोटात किती माल बसतो ते तुला माहीत आहे. ठासून भरून, मागचा दरवाजा दोरीने बांधून बाजारातून जाते. मासेवाल्या बायका म्हणतात, "कोबी मेला वाटतं." सगळं गाव हसतंय आणि मी प्रत्येक खेपेला मोजतो, आता कुणीतरी स्टेपनी काढेल.

वाटतं, पळून जावं. पण कुठे? एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर, वर रेषा. आणि मी पळालो तर सोमवारी हजेरीला गेलेला हाकसू परत येणार नाही.

४ डिसेंबर

आज दुपारी गाडी आली. पेक साहेब स्वतः चालवत आले, एकटे. गाडी धुऊन पुसून चकचकीत. मी अंगणात उभा होतो. वहिनीने दारामागचं गाठोडं हातात घेतलं, ते मी बघितलं. आई मात्र खूश. "आली गं माझी म्हैस!"

साहेबांनी आईला एक मडकं दिलं, म्हणाले, "बायकोने किमची पाठवलीय." मग मला बाजूला घेतलं, गोदामाच्या मागे, जिथे वारा एवढा असतो की स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. सिगारेट पेटवायला लागले. एक काडी विझली, दुसरी विझली, तिसरी हातातून पडली.  

"मानगिल, तुमच्या गाडीत मासा होता."

मी पडलेली काडी उचलून त्यांना दिली. 

"मिठाचं पाणी सांडून भिजला. माझ्या बायकोने काढला. दुसऱ्याच्या गाडीचा राखणदार मासा फेकला तर पीडा आपल्या घरात शिरते म्हणाली. म्हणून तिने पुसून नवा दोरा गुंडाळला आणि परत ठेवला."

"फार उपकार झाले, साहेब."

"नुसता मासा होता."

"हो, साहेब."

"नीट ऐका. दोन आठवडे ती गाडी माझ्या दारात उभी होती. माझी बायको, माझी पोरं, ठाण्यातले सगळे, मोठ्या साहेबांची आई, सगळे तिच्यात बसले. तपासणीसाठी घेतली असं मी सही करून लिहिलं होतं, आणि तपासली नाही. कळतंय का तुम्हाला? नुसता मासा होता. कशातही गुंडाळलेला नव्हता."

तेव्हा मला कळलं, जॉमसुन. हा माणूस मला धमकावत नव्हता, तो माझ्यापुढे हात पसरत होता! कळवायचं, तर आधी त्याला सांगावं लागलं असतं की तो चेहरा दोन आठवडे त्याच्या अंगणात, त्याच्या कोबीखाली काय करत होता. आणि ते ज्यांना सांगायचं, ते कसे विचारतात ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

मी म्हटलं, "साहेब, मासा कशाला गुंडाळेल कोणी? दोरा असतो ना."

त्यांनी मोठा श्वास सोडला. सिगारेट न पेटवताच खिशात ठेवली. जाताना अंगणातल्या चपलांकडे बघितलंसुद्धा नाही.

वहिनीने गाठोडं सोडलं आणि बनियन परत पेटीत टाकले. 

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं, थोडा वेळ. संध्याकाळपर्यंतच. कालपर्यंत मी एकटा त्याला भीत होतो. आता तोही मला भितो, आणि पिस्तूल त्याच्याकडे आहे. तो रात्री उठून विचार करत असेल, मानगिल कधी दारू पिऊन बोलला तर? ह्या गावात आता आम्ही दोघांनीही मोठ्याने हसायचं नाही.

तॉकबे परवाच परत आला होता, पण आज गाडी अंगणात बघितल्यावर आत आला. बॉनेट उघडलं, कार्बोरेटरवर टिचकी मारली. म्हणाला, "अजून चालतोय?" मी म्हटलं, "चालतोय." एवढंच बोललो. जाताना त्याने आईकडून वाटीभर किमची नेली. बहुतेक तो उद्याही येईल.

मग मी अंधार पडायच्या आत डिकी उघडली, स्टेपनी उचलली. मासा तिथेच होता, डोळे सताड उघडे. नवा दोरा घट्ट, व्यवस्थित, आपल्या आईपेक्षा सुबक. आणि मानेखाली त्याच्याभोवती लाल चौकटीचं स्वच्छ फडकं, चार टोकांची गाठ मारून. त्या बाईने तो परत उघडा ठेवला नाही. त्या कागदाचं काय केलं ते तिला माहीत आणि तिच्या शेगडीला. मी तिला कधी भेटलेलो नाही. बाजारात समोर आली तर मी दुसऱ्या रस्त्याने जाईन, आणि तीही जाईल. पण मी त्या गाठीला हात लावून नमस्कार केला, पोरी.

मार्चमध्ये ये. विचार करून लिहितोय, ये. आता नाही आलीस तर परत कधी धीर होईल, तुलाही आणि मलाही, माहीत नाही. मी स्टेशनवर ह्याच गाडीतून येईन. पुनीला रागावू नकोस, तिला माझा नमस्कार सांग.

येताना काही आणू नकोस. वहिनीची लोकर आणायचीच असेल तर आण, पण कागदात नको. फडक्यात बांध.

तुझा दादा